समुद्रमंथनावरचं छत

कंबोडियातल्या अंकोरवाट मंदिराच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा शिल्पपट आहे, सुमारे ४९ मीटर लांब. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव. लोक शिल्प बघत पुढे सरकत होते आणि मी मान वर करून छत बघत उभी. जुन्या देवळांची गळती काढणं हेच माझं काम, त्यामुळे ओल कुठून येते ते आधी शोधलं जातं.

पाणी आतल्या आत वाहून नेण्याची सोय ख्मेर कारागिरांनी या छतातच केलेली होती. तिच्या दुरुस्तीसाठी छत उतरवलं आणि कंबोडियातल्या यादवी युद्धाने काम तिथेच थांबलं. शिल्प उघड्यावर पडलं.

जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्याने पोल पॉटच्या कम्युनिस्ट राजवटीला, ख्मेर रूजना, हुसकावलं, तरी संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची जागा त्याच्याच माणसांकडे राहिली. राजधानी नॉम पेन्हमधल्या नव्या सरकारला अमेरिका, चीन, फ्रान्स मान्यता देईनात. भारताने १९८० मध्ये दिली. म्हणूनच १९८६ ते १९९३ या काळात आपलं पुरातत्त्व सर्वेक्षण अंकोरवाटला काम करू शकलं. आसपास सुरुंग, जंगलात ख्मेर रूज. तिथे राबलेल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण आपल्या पथकाने छत परत बसवताना पाण्याची मूळ वाट पुन्हा केली गेली नाही, सिमेंट-काँक्रीट आलं. पुढे पाणी झिरपलं आणि क्षार शिल्पावर उतरले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या वारसा जपणाऱ्या संस्थेला नंतर तेच छत उतरवून पाण्याची वाट पूर्ववत करावी लागली.

या कामावर टीका झाली की ‘टीका करणारे तेव्हा होते कुठे?’ असं आपल्याकडे म्हणतात. मला ते पटत नाही. मान्यतेच्या राजकारणामुळे आपल्या पथकाचं काम तपासायला शेजारी दुसरं फारसं कुणी नव्हतं, खरं नुकसान तिथे झालं. १९९३ मध्ये फ्रान्स आणि जपानच्या सहअध्यक्षतेखाली अंकोरसाठी आंतरराष्ट्रीय समन्वय समिती झाली, तेव्हापासून प्रत्येक देशाचं काम इतरांसमोर मांडलं जातं. अंकोरमधल्याच ता प्रोहम मंदिराचं आपलं कामही.

२०२० मध्ये व्हिएतनाममधल्या ‘मी सॉन’ या चाम लोकांच्या जुन्या मंदिरसमूहात आपल्या पथकाला अखंड शिवलिंग सापडलं, तेव्हा ती बातमी माझ्या घरच्या ग्रुपवरसुद्धा आली. आनंद मलाही झाला. चाम कारागिरांच्या विटांचे सांधे कशाने भरले, पावसाचं पाणी कुठून काढलं, हेही मला तितक्याच ठळकपणे वाचायचं आहे. पैसा आपल्या करातून जातो आणि देऊळ चाम लोकांच्या पूर्वजांचं आहे. दोघांनाही हे विचारायचा हक्क आहे.