आधी डोकं, मग छाती

दोन वर्षांच्या मुलाचा टी-शर्ट शिवायचा म्हटलं की टेप आधी छातीभोवती जाते. जायला हवी डोक्याभोवती. या वयात डोक्याचा घेर साधारण 48 सें.मी. आणि छाती जेमतेम 49. त्यामुळे अंगाला नीट बसणारा शर्ट डोक्यातून जाईलच असं नाही, आणि तो कानांशी अडकला की पुढचं रडगाणं ठरलेलं. आपलं झबलं याबाबतीत शहाणं. ते डोक्यावरून जातच नाही, बंद बांधले की झालं. टी-शर्टच्या विणलेल्या कापडाची, म्हणजे होजिअरीची, सगळी भिस्त ताणावर.

म्हणून खरी परीक्षा गळ्याची. कापलेला गळा 38 सें.मी. भरला तर रिबची (उभ्या रेघांच्या, जास्त ताणणाऱ्या विणीची) पट्टी 30 घ्यावी, वर जोडासाठी दीड. रुंदी 4, दुमडून शिवल्यावर सव्वा उरते. ही पट्टी हातात धरून 50 सें.मी.पर्यंत सहज ताणली जात नसेल तर रिब बदलावी, नाहीतर एका खांद्यावर टिचबटणं लावावीत. गळ्याचे आणि पट्टीचे चार-चार समान भाग करून टाचण्या लावायच्या, आणि शिवताना ताणायची ती पट्टीच. गळा ताणला की तो लाटा मारतो, मग इस्त्रीही फारशी कामाला येत नाही.

कापड म्हणून मोठ्यांचा जुना टी-शर्ट उत्तम, कारण तो आटायचा तेवढा आटलेला असतो. नवं कापड आधी धुऊनच कापावं. ताण आडवा, अंगाभोवती यायला हवा. आणि जुन्या शर्टाची खालची तयार दुमड वाया घालवू नये. कागदी नमुन्याची खालची कड तिच्यावरच ठेवावी. कारखान्यातली ती दुहेरी टीप घरच्या मशीनवर हुबेहूब जमत नाही.

साधी सुई विणीचे फासे तोडते आणि चार धुण्यांनंतर शिवणीशेजारी भोकं दिसू लागतात. इथे हवी बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची सुई, 11 नंबर. टीप झिगझॅग, रुंदी 1 आणि लांबी अडीच मि.मी.; सरळ टिपेचा दोरा ताण आला की तटकन तुटतो. घरी सरळ टिपेचंच मशीन असेल तर बाजूच्या शिवणी बारीक टिपेने, पॉलिएस्टर दोऱ्याने निभावतात. गळा मात्र फॉल-पिकोवाल्याकडून इंटरलॉक करून आणावा.

वाढवण्याचं गणित वेगळं. सुती फ्रॉकला माया सोडतात, पुढे उसवून मोठा करतात. होजिअरी उसवली तर सुईच्या भोकांची रांग मागे राहते. तशी गरजही नसते: दोन ते तीन या वर्षात छाती एखाद-दुसरा सें.मी. वाढते, उंची मात्र आठेक. शर्ट पोटावर चढतो तो म्हणूनच. खालची कड कापून 10 सें.मी. रुंदीची रिब दुमडून जोडावी, लांबी घेराच्या नऊ दशांश. रंग मुद्दाम वेगळा घ्यावा. धुऊन फिक्या पडलेल्या निळ्याशेजारी नवा कोरा निळा ठेवला, तर ते फक्त चुकल्यासारखं दिसतं.