छत्तीस नावे, एक दोर

गिर्यारोहण संस्थेच्या कार्यालयात पगारी समन्वयक म्हणून काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला प्रत्यक्ष डोंगर फार थोडा येतो. मोहिमांचे नेतृत्व अनुभवी सभासद करतात, दोरकाम प्रशिक्षक शिकवतात आणि माझ्याकडे नोंदणीअर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्रे, विम्याचे कागद, बसचे आरक्षण, साहित्याची देवघेव आणि आगामी हंगामाचे कार्यक्रमपत्रक एवढे येते. हंगामाच्या तोंडावर कार्यक्रम समितीची बैठक होते, तिथे मी इतिवृत्त लिहिते. ज्या बैठकीबद्दल लिहीत आहे, त्या दिवशी मात्र इतिवृत्ताची वही मला शेजारच्या सभासदाकडे सरकवावी लागली, कारण बराच वेळ मीच बोलत होते.

विषयपत्रिकेवरचे पहिले काही विषय भराभर उरकले. प्रस्तरारोहणाच्या प्राथमिक वर्गाच्या तारखा ठरल्या, सभासदांच्या मासिक सभेचा दिवस ठरला, आणि साहित्यखोलीतील दोन दोर वापरातून काढून टाकण्याला मंजुरी मिळाली. दिसायला ते दोन्ही दोर ठणठणीत होते. पण आमच्याकडे प्रत्येक दोराची स्वतंत्र नोंद असते आणि त्या नोंदीप्रमाणे त्यांची मुदत संपली होती. नायलॉन न वापरताही जुने होत जाते, त्यामुळे अनेक उत्पादक न वापरलेल्या दोरालाही दहा वर्षांपलीकडे हमी देत नाहीत. खजिनदारांनी नव्या दोरांच्या खर्चाची नोंद करून घेतली आणि ती करताना त्यांचा चेहरा जसा व्हायला हवा तसाच झाला.

त्यानंतर अतिउंचीवरील मोहिमेचा आराखडा चर्चेला आला. त्यात पहिला मुक्काम ३,१०० मीटरवर आणि लगेच दुसरा ३,९०० मीटरवर दाखवला होता. आमच्या समितीतील डॉक्टर एरवी फारसे बोलत नाहीत. त्यांनी आराखड्यावर त्या दोन आकड्यांच्या मध्ये एक आडवी रेघ मारली आणि तिथे एक मुक्काम घाला, एवढेच सांगितले. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांतीचा ठेवावा, हा पर्वतवैद्यकातील सर्वमान्य संकेत आहे. दिवसा त्याहून वर जाऊन परत आलात तरी चालते. शरीराचा हिशेब झोपण्याच्या उंचीवर ठरतो. मोहिमेचे दिवस वाढले, दोघांची रजा पुरणार नव्हती म्हणून त्यांनी नावे मागे घेतली, आणि विषय तिथे संपला. डॉक्टरांचे म्हणणे कुणी खोडून काढत नाही, याचा मला त्या दिवशी थोडा हेवा वाटला, कारण पुढच्याच विषयात माझ्या म्हणण्यावर चांगली अर्ध्या तासाची हुज्जत झाली.

तो विषय होता एका दिवसाच्या पदभ्रमणाचा. लांब धारेवरून माथ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यायचे; जाऊन-येऊन १८ किलोमीटर अंतर, १,३०० मीटर चढाई, आणि माथ्याच्या जरा खाली सुमारे वीस मीटरचा एक कातळटप्पा, ज्यावर दोर लावल्याशिवाय नवख्या माणसाला सोडता येत नाही. प्राथमिक नोंदणी खुली करताच या एकाच कार्यक्रमाला ३६ नावे आली होती. मोठी बस पूर्ण भरत होती. तरुण मोहीमप्रमुखांनी प्रस्तावात लिहिले होते की सकाळी सहाला चालायला सुरुवात करून दुपारी चारच्या आत पायथ्याशी परतता येईल, आणि त्याला आधार म्हणून आधीच्या वर्षीच्या पाहणीचा दाखला दिला होता. दाखला खरा होता. आठ जण सहाला निघाले होते आणि साडेतीनला खाली आले होते.

त्या पाहणीचा अहवाल मीच दप्तरात लावला होता. अहवाल लिहिणारे गृहस्थ वेळा टिपून ठेवण्याबाबत काटेकोर आहेत, इतके की पुष्कळदा सहकारी त्यांची थट्टा करतात. त्यांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती : कातळटप्प्याखाली पहिला माणूस दोराला बांधला ११ वाजून २० मिनिटांनी, आठवा माणूस वर पोहोचला ११ वाजून ५२ मिनिटांनी. म्हणजे आठ माणसांना ३२ मिनिटे, माणशी चार. हार्नेसला, म्हणजे कमरेला बांधायच्या सुरक्षापट्ट्याला, दोर अडकवणे, जोडीदाराने गाठ तपासणे, चढणे, वर सुरक्षित जागी जाऊन दोर सोडवणे आणि दोराचे टोक पुन्हा खाली पोहोचणे, हे सगळे या चार मिनिटांत आले. आणि हे आठही जण सरावलेले होते.

मी पाठकोऱ्या कागदावर बेरीज मांडली. चालण्याच्या वेळेसाठी संस्थेत नेस्मिथचा नियम वापरतात. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये तो मांडला : सपाटीच्या दर तीन मैलांना एक तास आणि चढाईच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाईला एक तास. या हिशेबाने आमच्या वाटेला अंतराचे तीन तास छत्तीस मिनिटे आणि चढाईचे दोन तास दहा मिनिटे, मिळून पावणेसहा तास होतात. पण हा नियम तंदुरुस्त माणसाचा आहे, त्यात थांबण्याची वेळ धरलेली नाही आणि उतरणीला तर त्याने एक मिनिटही जास्तीचे दिलेले नाही. मिश्र गटासाठी आम्ही त्याची दीडपट धरतो. म्हणजे आठ तास चाळीस मिनिटांच्या आसपास.

इथपर्यंत मोहीमप्रमुखांचे आणि माझे गणित जुळत होते. फरक पडला तो पुढे. ३६ माणसे गुणिले चार मिनिटे, म्हणजे दोन तास चोवीस मिनिटे, तेवढीच उतरताना. कातळटप्प्यावरच पावणेपाच तासांच्या वर गेले. सहाला निघालेला गट संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पायथ्याशी येणार होता, आणि पत्रकात छापायच्या तारखेला सूर्यास्त सहाच्या थोडा आधी होता.

खजिनदार म्हणाले, "ताई, पहिले वर गेलेले लगेच उतरायला लागतील ना? सगळ्यांनी सगळ्यांसाठी थांबायचे काय कारण?" प्रश्न रास्त होता, पण दोर एकच होता आणि त्यावरून एका वेळी एकाच दिशेने जाता येते. मग दुसरा दोर लावावा, अशी सूचना आली. याला उत्तर माझ्याकडे नव्हते. ते पाहणी करून आलेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी दिले. वर भरवशाचा अँकर, म्हणजे दोर पक्का बांधायचा आधार, घेण्याजोगी जागा एकच आहे, टप्पा अरुंद आहे, आणि वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड सरळ खाली उभ्या असलेल्यांवर येतो. दुसरा दोर लावला तर चढणाऱ्याच्या खाली चढणारा अशी स्थिती होईल. हेल्मेट असले तरी अशी रचना कुणी मुद्दाम करत नाही.

मोहीमप्रमुख मात्र हटायला तयार नव्हते. आपला गट चपळ आहे, आपण पाचला निघू, टप्प्यावर आणखी दोन मदतनीस ठेवू, असे एकेक उपाय ते मांडत गेले आणि त्यांतला कुठलाही अगदीच वाया जाणारा नव्हता. पाचला निघाल्याने एक तास मिळत होता. मदतनिसांमुळे गाठ तपासण्यातला वेळ वाचत होता. तरीही अंधार काही चुकत नव्हता, आणि बेरजेत न दिसणारी एक गोष्ट राहतच होती : रांगेतला शेवटचा माणूस. पस्तीस जण वर जाईपर्यंत त्याला कातळाखाली दोन तास वीस मिनिटे उभे राहायचे होते, चढून आल्यामुळे घामाने भिजलेल्या कपड्यांत, उघड्या धारेवरच्या वाऱ्यात. गट करताना आपण नकळत धीम्या आणि नवख्या माणसांना मागे ठेवतो, म्हणजे सर्वांत जास्त वेळ थंडीत उभा राहणारा माणूस हाच सर्वांत कमी अनुभवाचा असणार. डॉक्टरांनी तेवढ्यात तोंड उघडले आणि सांगितले की शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, त्यासाठी बर्फ लागत नाही, ओले कपडे आणि वारा पुरतो. आणि त्याच्या सुरुवातीलाच बोटे गाठ मारेनाशी होतात.

अध्यक्षांनी त्या वेळी १० मे १९९६ या दिवसाची आठवण काढली. एव्हरेस्टवर त्या दिवशी हिलरी स्टेप या माथ्याखालच्या कातळटप्प्यापाशी दोर आधी लावून झालेले नव्हते, माणसांची रांग खोळंबली, दुपारी दोनची परत फिरण्याची वेळ टळून गेल्यावरही अनेक जण वर जात राहिले, आणि त्यानंतर आलेल्या वादळात आठ गिर्यारोहकांचे प्राण गेले. आमच्या एका दिवसाच्या पदभ्रमणासमोर एव्हरेस्टचे उदाहरण ठेवणे मला थोडे अवजड वाटले. पण रांगेचा मुद्दा तोच होता हे मान्य करायला हवे.

शेवटी तोडगा निघाला तो असा : बारा-बारा जणांच्या तीन तुकड्या, तीन वेगवेगळ्या रविवारी. बारा जणांना टप्प्यावर चढताना ४८ मिनिटे आणि उतरताना तेवढीच. एकूण सव्वादहा तास. सहाला निघून सव्वाचारपर्यंत परत. माथ्यावरून परत फिरण्याची वेळ दुपारी दीड ठरली, आणि ती पत्रकातच छापावी, असे ठरले. माझा आग्रह याच गोष्टीचा होता. परत फिरण्याची वेळ फक्त मोहीमप्रमुखाच्या डोक्यात असली, तर माथा वीस मिनिटांवर दिसत असताना ती बदलण्याचा मोह त्याला एकट्याला आवरावा लागतो. तीच वेळ बारा जणांनी आधी वाचलेली असली की कुणी ना कुणी घड्याळाकडे बोट दाखवतो. खजिनदारांना मोठ्या बसऐवजी तीन छोट्या गाड्या ठरवाव्या लागल्या आणि माणशी वर्गणी वाढली. त्यांची नाराजी त्यांनी इतिवृत्तात नोंदवायला लावली आणि ती नोंदवली गेली.

त्याच संध्याकाळी सभासदांची मासिक सभा होती. तुकड्यांची घोषणा झाल्यावर अपेक्षेप्रमाणे कुरबुर झाली. मित्रांना एकत्र जायचे होते, कुणाला पहिलाच रविवार हवा होता. एका काकांनी तर मला बाजूला घेऊन विचारले की तेरावे नाव घातले तर असा काय फरक पडतो. मी त्यांना आठ मिनिटे, असे सांगितले. ते हसले, पण दुसऱ्या तुकडीत नाव लिहून गेले.

सभेचा पुढचा भाग सूचनांचा होता आणि तो जरा लांबला. प्रत्येकाकडे हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल हवेत, मोबाइलचा उजेड धरला जाणार नाही, कारण कातळावर दोन्ही हात मोकळे लागतात. कोरड्या कपड्यांचा एक थर वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा. शिट्टी हवी, संकटाची आंतरराष्ट्रीय खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा, आणि ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचे. हे सांगितल्यावर मागच्या बाकांवरून लगेच प्रात्यक्षिक झाले आणि पाच मिनिटे कुणाला काही ऐकू आले नाही. कार्यालयात थांबणारी संपर्क व्यक्ती म्हणून माझे नाव फळ्यावर लिहिले गेले, आणि त्याखाली दोन वेळा : सहापर्यंत खाली आल्याचा निरोप आला नाही तर मी फोन लावायला सुरुवात करायची, आणि आठपर्यंत संपर्क झाला नाही तर कुणालाही न विचारता बचाव पथकाला कळवायचे. 'कुणालाही न विचारता' हे शब्द अध्यक्षांनी स्वतः जोडले. संपर्क व्यक्तीला अनेकदा हीच अडचण येते. उगाच गाजावाजा झाला तर लोक काय म्हणतील, या विचारात तासभर निघून जातो.

पहिली तुकडी ठरल्या रविवारी गेली. हवा चांगली होती, कुणाला खरचटलेही नाही. पायथ्यावरून निरोप आला तो चारला चाळीस मिनिटांनी, माझ्या हिशेबापेक्षा पंचवीस मिनिटे उशिरा. दुसऱ्या दिवशी मोहीमप्रमुख स्वतः कार्यालयात आले आणि त्यांनी वेळांचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. या वेळी त्यांनी प्रत्येक माणसाची वेळ वेगळी टिपली होती. सरावलेल्यांना तीन-साडेतीन मिनिटे लागली होती, नवख्यांना सहा-सात, एक जण अर्ध्यात थबकल्याने त्याला नऊ. सरासरी माणशी पाच मिनिटे. उरलेल्या दोन तुकड्यांसाठी काय करायचे, यावर आम्ही थोडा वेळ बोललो. नावे कमी करणे आता शक्य नव्हते, कारण सगळ्यांना कळवून झाले होते. त्यांनी सुचवले की नवख्यांना आदल्या शनिवारी संस्थेच्या सराव भिंतीवर बोलावून हार्नेस घालणे, गाठ तपासणे आणि दोराच्या आधाराने उतरणे हे करून घ्यावे, आणि निघण्याची वेळ साडेपाच करावी. मी भिंतीची वेळ आरक्षित केली, सूचनापत्रक दुरुस्त करून दोन्ही तुकड्यांना पाठवले आणि दप्तरातील आधीच्या अहवालाला हा नवा कागद जोडला.