ट्रॅक्टरने एअर धरली तेव्हा

माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जमिनीत उतरला की थोड्याच वेळात आमच्या ट्रॅक्टरचा आवाज बसायचा, इंजिन भुकभुक करायचं आणि बंद पडायचं. टाकीत डिझेल भरपूर. सेल्फ मारला की इंजिन नीट फिरायचं, पण सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही. धूरच नाही म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही. एअर धरली होती, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा अडकली होती.

डिझेल दाबून जवळपास आकसत नाही, हवा आकसते. नोझल उघडायला साधारण १५० ते २५० बार दाब लागतो. पाइपात हवेचा बुडबुडा असला की नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या मोठ्या पंपाचा सगळा जोर त्यालाच दाबण्यात जातो आणि नोझल मिटलेलंच राहतं.

एअर काढायची ती टाकीकडून नोझलकडे, याच क्रमाने. आधी फिल्टर आणि पंपाभोवतीची माती पुसून घेतली, कारण उघड्या स्क्रूमधून एक कण आत गेला तरी पंपाची वाट लागते. पहिल्या फिल्टरचा एअर काढायचा स्क्रू सैल केला आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची लिव्हर हाताने मारू लागलो. लिव्हर एकदम हलकी लागत होती. हा पंप चालवणारा इंजिनातला कॅम उंचवट्यावर थांबला असला की असं होतं. इंजिन जरासं फिरवल्यावर तिला जोर आला. आधी फेस, मग फेस नसलेली सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. तसंच दुसऱ्या फिल्टरला, मग मोठ्या पंपाला. शेवटी नोझलकडचे नट थोडे सैल करून, अॅक्सिलरेटर पूर्ण ठेवून, थांबत थांबत सेल्फ मारला. या वेळी हात लांबच हवा. या दाबाची बारीक पिचकारी कातडी फोडून आत शिरते, आणि अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो.

ट्रॅक्टर चालू झाला. जड कामाला लावताच पुन्हा तेच.

इथून खरं काम सुरू झालं. अशा वेळी मोठा पंप खोलायचा सल्ला हमखास मिळतो, पण आधी ओढणारी बाजू तपासल्याशिवाय पंपाला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. फीड पंपाच्या पुढे फट असेल तर डिझेल बाहेर गळतं, लगेच दिसतं. टाकी ते फीड पंप या भागात मात्र इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. म्हणून सगळं कोरडं दिसत होतं.

फीड पंप आणि फिल्टरच्या मध्ये तात्पुरती पारदर्शक नळी लावली. बुडबुडे स्पष्ट दिसले. मग टाकीचा पाइप सोडवून फीड पंपाला स्वच्छ कॅनमधलं डिझेल नव्या नळीने दिलं, आणि बुडबुडे थांबले. म्हणजे पंप चांगला, दोष टाकीकडे. तिकडचा रबरी पाइप काढून वाकवला, तेव्हा क्लिपखाली केसाएवढी चीर उघडली. सरळ असताना ती दिसतच नव्हती.

डिझेलला टिकणारा नवा पाइप घातला, जोडांवरचे तांब्याचे वायसर बदलले. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक आणि आतली जाळीही साफ केली, कारण तिथे अडलं की ओढ वाढते आणि बारीकशी फटही हवा घेऊ लागते. पारदर्शक नळी तशीच ठेवून इंजिन बराच वेळ जोरात चालवलं. एकही बुडबुडा आला नाही. मग ती नळी काढून तिथला मूळ पाइप बसवला, शेवटची एअर काढली आणि रोटाव्हेटर जोडला.