एक पेला कमी आहे

माझी एक मैत्रीण कादंबऱ्या लिहिते, एवढं सांगितलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. कसल्या कादंबऱ्या, असं विचारतो. प्रेमकथा, म्हटलं की चेहऱ्यावरचा आदर थोडा ओसरतो. नायक एरवी माणूस असतो आणि मनात आलं की ड्रॅगन होतो, हे ऐकल्यावर तो ‘अच्छा’ म्हणतो. त्या ‘अच्छा’नंतर गप्पा हवापाण्याकडे वळतात. मैत्रिणीला याची इतकी सवय झालीय की हल्ली हवापाण्याचं तीच आधी काढते.

मी तिची बीटा रीडर. म्हणजे पुस्तक बाहेर पडण्याआधी वाचून चुका काढणारी. या कामाचे पैसे मिळत नाहीत, ऋणनिर्देशात नाव तेवढं येतं. खुद्द तिचं नाव तर पुस्तकावर कुठेच नसतं. ती इंग्रजीत लिहिते, टोपणनावाने. या प्रांतात हे सर्रास चालतं. एकच बाई लांडग्यांच्या गोष्टी एका नावाने लिहिते आणि ड्रॅगनच्या दुसऱ्या. माझ्याकडे एक जाड वही आहे. कुणाचे डोळे सोनेरी, कुणाच्या डाव्या पंखाला चीर, कुणाला पोहता येत नाही, कोण सहाशे वर्षांचा आणि कोण नुसताच चारशे, हे सगळं मी त्यात लिहून ठेवते. धंद्यात याला ‘सिरीज बायबल’ म्हणतात. मी वहीच म्हणते.

पहिली दोन पुस्तकं मी उपकार केल्यासारखी वाचली, हातात लाल पेन धरून. तिसऱ्याच्या वेळी रात्री दोन वाजता लक्षात आलं की गेली सत्तर पानं पेनचं टोपणच उघडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, ‘मधल्या भागात चुका फारशा नाहीत.’ ती हसली. तिला कळायचं ते कळलं.

पण ड्रॅगनच का? रूप पालटणाऱ्या नायकांची काय वाण आहे? त्यांना ‘शिफ्टर’ म्हणतात. लांडगे आहेत, अस्वलं आहेत, वाघ-चित्ते आहेत. मी त्यातलेही वाचून पाहिले. लांडग्याचं सगळं लक्ष कळपात. कोण मोठा, कोण धाकटा, कुणी कुणापुढे मान झुकवायची. अर्ध पुस्तक घरातल्या मानापमानातच संपतं. अस्वल प्रेमळ खरं, पण फार लवकर प्रेमळ होतं. शिवाय हे प्राणी आपण पाहिलेले असतात. लांडगा झाला तरी तो किती होणार, लांडग्याएवढाच. ड्रॅगन कुणी पाहिलेला नाही. त्यामुळे लेखिकेला रान मोकळं.

रान मोकळं असलं तरी हिशेब सुटत नाहीत, हे मला वहीमुळे कळलं. पहिला प्रश्न कपड्यांचा. माणसाचा ड्रॅगन होताना अंगावरच्या सदऱ्याचं काय होतं? फाटला, तर परत माणूस झाल्यावर तो भर चौकात उभा राहणार कसा? काही लेखिका कपडे जादूने गायब करतात आणि जादूनेच परत आणतात. माझ्या मैत्रिणीला ते पटत नाही. तिचा नायक गावाबाहेर ठिकठिकाणी कपड्यांची गाठोडी लपवून ठेवतो, आणि एका प्रसंगात तर नेमकं चुकीचं गाठोडं सापडतं. त्या प्रकरणावर मी जितकी हसले तितकी भल्याभल्या विनोदी लेखनावर हसलेली नाही.

दुसरा प्रश्न उडण्याचा. आजवर उडून गेलेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांत क्वेट्झालकोअॅटलसचं नाव घेतात. डायनासोरांच्या अखेरच्या काळातला हा उडता सरपटणारा प्राणी. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-अकरा मीटर, आणि वजनाचा अंदाज दोन-अडीचशे किलो. एवढ्यावर निसर्गाने हात टेकले. मैत्रिणीचा नायक शेपटीसकट तीस मीटर आहे, आणि बाईसाहेबांना पाठीवर घेऊन ढगांच्या वर जातो. मी समासात लिहिलं, ‘एक किलोमीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. ही बाई रेशमी झग्यात आहे.’ तिने नायिकेला लोकरीचा कोट दिला नाही. नायकाची पाठ गरम असते, असं एक वाक्य घातलं. मी हरले. वाचायला ते वाक्य फारच बरं वाटतं, हे कबूल केलं पाहिजे.

असल्या गोष्टींत वाचणाऱ्यांना आवडतं काय, याबद्दल माझा बरेच दिवस गैरसमज होता. मला वाटायचं, आग. किंवा ताकद. किंवा मुखपृष्ठावरचा तो उघड्या छातीचा गृहस्थ, ज्याला बहुधा सर्वच प्रकाशक सदरा द्यायचा विसरतात. (२००७ साली किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आलं आणि ही मुखपृष्ठं चारचौघांत लपवायची सोय झाली, त्याच सुमाराला लेखकाला स्वतःचं पुस्तक स्वतःच बाजारात आणण्याचीही वाट मिळाली. ड्रॅगनवाल्यांचं भलं झालं ते या दोन्हींमुळे, असं आपलं माझं मत.) पण मैत्रिणीच्या वाचकांची पत्रं मी वाचते. त्यांत आगीचा उल्लेख क्वचित असतो. ती माणसं पुन्हा पुन्हा लिहितात ते खजिन्याबद्दल.

पाश्चात्त्य ड्रॅगनकडे खजिना असतोच. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग बसतो, तसा तो बसतो. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याची आज हाती असलेली प्रत इसवी सन १०००च्या आसपासची मानतात. त्यातला ड्रॅगन ३०० वर्षं एका थडग्यातल्या सोन्यावर पडून आहे. मार चुकवून पळालेला कुणी एक माणूस आत शिरतो आणि ड्रॅगन झोपेत असताना एक पेला उचलून नेतो. डोंगराएवढ्या ढिगातला एक पेला! ड्रॅगन जागा होतो आणि त्याला कळतं. मग तो काय करतो, ते मला फार आवडतं. तो चोराचा माग हुंगत टेकडीभोवती फिरतो, आणि मधूनच परत आत जाऊन पेला शोधतो. आपण किल्ली हरवल्यावर तोच खण तिसऱ्यांदा उघडून बघतो ना, अगदी तसा. पुढे तो गावंच्या गावं जाळतो, म्हातारा राजा त्याला मारतो आणि त्याच्या विषाने मरतो, वगैरे वगैरे. ते वीरांचं झालं. माझ्या डोळ्यांसमोर राहतो तो परत आत जाऊन बघणारा ड्रॅगन.

वाचकांना हवा असतो तो हाच. ज्याला एक पेला कमी झालेला कळतो, तो.

बारकाईने लक्ष देणारं माणूस दुर्मीळ असतं. आपण केस कापून येतो आणि घरात कुणाला दोन दिवस पत्ता नसतो. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडतो, ते कुणी पुरं करायला सांगत नाही. आणि इथे एक जीव असा की त्याला चार हजार नाण्यांतलं प्रत्येक नाणं कुठल्या अंगावर पडलंय हे ठाऊक आहे. तो जेव्हा नायिकेकडे बघतो, तेव्हा त्याच नजरेने बघतो. ‘काल तू जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर थांबली होतीस. का?’ असं एक वाक्य दुसऱ्या पुस्तकात आहे. त्याने आग ओकलेली नाही, उचलून नेलेलं नाही, काही नाही. पण सर्वांत जास्त पत्रं त्या पायरीबद्दल आली.

आता यात एक मेख आहे, आणि ती मराठीत विचार केला की फार स्वच्छ दिसते. इंग्रजी ड्रॅगनचा आवडता शब्द ‘माइन’. तो गुरगुरून म्हणायचा असतो. इंग्रजीत त्या शब्दाला लिंग नाही. सोन्यालाही माइन, बाईलाही माइन. मराठीत मात्र त्याला तोंड उघडण्याआधीच ठरवावं लागतं, ‘माझं’ म्हणायचं की ‘माझी’. सोनं माझं. पेला माझा. आणि ही समोर उभी आहे, जी भांडते, जिला उंचीची भीती वाटते, जिला त्याच्या गुहेतली हवा कुबट वाटते, ती? वाईट पुस्तकांतला ड्रॅगन तीनशे पानं ‘माझं’वरच अडकलेला असतो. नायिका दाराबाहेर पडली की हा शेपटी आपटतो, आणि लेखिकेला ते प्रेम वाटतं. मी अशी पुस्तकं अर्ध्यात मिटते. माझ्या मैत्रिणीची बरी पुस्तकं ‘माझं’पासून निघतात, ‘माझी’पाशी दमतात, आणि शेवटाजवळ कधीतरी तो धटिंगण, फार चाचरत, ‘तुझा’ म्हणतो. इंग्रजीत तिला हे एका शब्दात करता येत नाही, चाळीस पानं लागतात. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तुझं बरंय. तुला व्याकरणच कथानक देतं.’

माणसाचा ड्रॅगन होणं जुनंच आहे. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, कथेतला फाफ्निर सोन्यासाठी बापाला मारतो आणि ते सोनं राखता राखता ड्रॅगन होऊन बसतो. पण ती एकाच बाजूची वाट. तिथून परत माणसात येणं नाही. परत आणण्याचं काम लोककथांतल्या बायकांनी केलं. डेन्मार्कमधली लिंडवर्म राजपुत्राची गोष्ट माझ्या मते या सगळ्या कादंबऱ्यांची पणजी आहे. राणीच्या पोटी अजगरासारखा जीव जन्मतो आणि मोठा झाल्यावर लग्न मागतो. दोन नववधूंचा फडशा पाडतो. तिसरी मुलगी धनगराची. तिला एक म्हातारी कानमंत्र देते. लग्नाच्या रात्री ही पोर अंगावर एकावर एक दहा झगे चढवून खोलीत जाते. तो म्हणतो, झगा उतरव. ती म्हणते, तू आधी कात टाक. त्याला असं आजवर कुणी म्हटलेलंच नसतं. तो कात टाकतो, ती एक झगा उतरवते. तो पुन्हा म्हणतो, ती पुन्हा म्हणते. काती संपतात तेव्हा तो जमिनीवर नुसता लिबलिबीत गोळा होऊन पडलेला असतो, आणि तिच्या अंगावर, नीट मोजून आली असल्यामुळे, अजून एक झगा असतो. मग ती त्याला झोडपते, दुधात न्हाऊ घालते आणि कुशीत घेऊन झोपते. सकाळी राजपुत्र.

इथे मोजते कोण, बघा. ती.

मोजणाऱ्यांत वाचकही आले. मैत्रिणीला वाटतं, ड्रॅगन पुस्तकात आहेत. मला वाटतं, ते पुस्तकं विकत घेतात. तिसऱ्या पुस्तकात नायिकेचा एक कान तुटलेला कप खिडकीत होता. चौथ्यात त्याचा उल्लेखच नाही. पुस्तक आलं आणि आठवड्याच्या आत पत्र, ‘कप कुठे गेला?’ नुसतं एवढंच. आम्ही दोघींनी संहिता उघडली. खिडकी पाहिली, फडताळ पाहिलं, नायकाच्या गुहेतला कोपरान् कोपरा पाहिला, आणि परत खिडकीपाशी आलो. माझ्या वहीत कपाची नोंदच नव्हती. लाजिरवाणी गोष्ट. मैत्रिणीने त्या बाईंना लिहिलं की कप पुढच्या पुस्तकात सापडेल. आता तो सापडायलाच हवा, कारण या मंडळींना शब्द दिला की दिला.

शब्दाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेच्या व्याख्येत अशा कादंबरीच्या दोनच अटी आहेत. मध्यभागी प्रेमकथा हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. मधे काय वाटेल ते करा. शेवट आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी वाचायच्याच कशाला, असं मला लोक विचारतात. त्यांना गाण्यात सम येणार हे ठाऊक असतं की नाही? तरी मान हलतेच ना?

सध्या पाचवं पुस्तक चालू आहे. कप सापडला (तो कुठे, ते सांगत नाही). गेल्या आठवड्यात तिने बारावं प्रकरण पाठवलं. नायक रात्री खजिना मोजायला बसतो, सहाशे वर्षांची सवय. शेजारच्या खोलीत नायिका कुणाशी तरी बोलताना खळखळून हसते. तो क्षणभर तिकडे बघतो, पुन्हा मोजू लागतो, आणि संपवून उठतो. चार हजार एकशे अकरा नाणी. मी वही काढली. पहिल्या पुस्तकात ४,११२, दुसऱ्यात ४,११२, चौथ्यात ४,११२. खूश होऊन लाल शाईत लिहिलं, ‘एक कमी. पत्र येईल.’

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. ‘नाणं जागेवरच आहे. चूक माझी नाही, त्याची आहे. राहू दे.’

मी शेरा खोडला. वहीत मात्र नोंद केली: बारावं प्रकरण, ४,१११.