डाग कशाचा ते आधी बघा, बाटली मग उचला

सांगलीत बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतोच. शॉवरची भोकं बुजतात, बाथरूमच्या टाइल्स धुरकट दिसायला लागतात, आणि कितीही घासलं तरी त्या उजळत नाहीत. कारण तो मळ नाही. पाण्यातले क्षार सुकून तिथे बसलेले असतात आणि साबण त्यांचं काहीही वाकडं करू शकत नाही. त्यांना आंबट लागतं. उलट स्वयंपाकघरातल्या तेलकट चिकटाला आंबट लावून उपयोग नाही, त्याला सोडा हवा. एवढं डोक्यात ठेवलं तर सिंकखालच्या निम्म्या बाटल्या विकत घ्याव्याच लागणार नाहीत.

आंबट म्हणजे लिंबूसत्त्व. किराणा दुकानात सुटं मिळतं, आणि यासाठी लिंबं पिळत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. शॉवरचं तोंड सुटत असेल तर अर्धा तास त्यात बुडवा, मग जुन्या टूथब्रशनं भोकं मोकळी करा. नळ सुटत नाही, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत हे पाणी भरून ती रबरबँडनं नळाला बांधायची. अर्ध्या तासावर ठेवू नका आणि नंतर साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर क्रोमची चमक जाते. सोनेरी मुलाम्याच्या नळांना हा प्रयोग नकोच.

उभ्या टाइल्सवर हे पाणी ओघळून जातं, तिथे खरी गोम आहे. आधी भांडी घासायच्या लिक्विडनं टाइल धुवा. साबणाचा आणि अंगाच्या तेलाचा पापुद्रा वर असेल तर आंबट खालच्या क्षारांपर्यंत पोचतच नाही, आणि मग लोक म्हणतात, ‘लिंबूसत्त्वानं काही होत नाही.’ त्यानंतर टाइलमधल्या सिमेंटच्या सांध्यांवर साधं पाणी मारा. भिजलेला सांधा आंबट कमी पितो, कोरडा सांधा भुसभुशीत होत जातो. आता टिश्यू पेपर द्रावणात भिजवून टाइलवर चिकटवा, पंधरा मिनिटांनी काढा आणि घासा. थर जाड असेल तर पुन्हा एकदा लावा. पण तासभर तसंच ठेवायचा मोह टाळा.

ओट्यावर मात्र हे द्रावण सांडू देऊ नका. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर या सगळ्या दगडांत चुना असतो, म्हणजे नळावरच्या थराचाच मोठा भाऊ. आंबट तो थर विरघळवतं तसा दगडाचा पृष्ठभागही खातं. काळ्या कडप्प्यावर मग जे पांढुरके डाग दिसतात ते डाग नसतातच, तिथली पॉलिश गेलेली असते. ती घासून येत नाही, दगड पुन्हा पॉलिश करून घ्यावा लागतो. ओटा ग्रॅनाइटचा की कडप्प्याचा हे कळत नसेल तर कोपऱ्यात द्रावणाचा एक थेंब टाका आणि दोन मिनिटांनी पुसा. बुडबुडे आले किंवा निस्तेज ठिपका राहिला, तर त्या ओट्याला पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, बास.

एक्झॉस्ट फॅनची पाती, डब्यांची झाकणं, गॅसमागची भिंत हे सोड्याचं काम. खायचा नव्हे, धुण्याचा सोडा. एक लिटर कडक पाण्यात दोन मोठे चमचे, हातमोजे घालून. फॅनची वायर काढून पाती सोडवा, वीस मिनिटं भिजत ठेवा, घासा, पूर्ण वाळल्यावरच बसवा. चिमणीची स्टीलच्या पट्ट्यांची फिल्टर यात चालतात. हलकी जाळीवाली बहुतेक ॲल्युमिनियमची असतात आणि सोड्यात काळी पडतात. त्यांना गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विडच बरं.

मोबाइलवरच्या व्हिडिओंत सोड्यावर व्हिनेगर ओतून फसफस दाखवतात. दिसायला झकास, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती उरतं जवळपास खारट पाणी. हा प्रकार निदान निरुपद्रवी आहे. टॉयलेट क्लीनरमधलं ॲसिड आणि ब्लीच किंवा टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग) पावडर एकत्र आली तर क्लोरिन वायू सुटतो, तोही बंद संडासात. एकाच दिवशी दोन्ही वापरू नका.

हळदीचं गणित वेगळंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मिक्सरच्या झाकणाला ते कधीच मिळालेलं आहे. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून कोरड्या झाकणाला थोडं गोडेतेल चोळा, दहा मिनिटांनी लिक्विडनं धुवा आणि उन्हात ठेवा. उरलेला पिवळेपणा ऊन खातं. पांढऱ्या शर्टावरचा डाग साबण लागताच लालभडक होतो. घाबरू नका, सोडा किंवा साबण लागला की हळद लाल होतेच. खळखळून धुवा, ओलाच उन्हात घाला, डाग राहिला तर पुन्हा तेच करा. डाग जाईपर्यंत इस्त्री करू नका.

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले आणि शेतात पाचट जळू लागलं की गच्ची-खिडक्यांवर काळी राख येते. ओलं फडकं घेऊन धावू नका, तिचा लेप होतो आणि पांढऱ्या चौकटीत मुरतो. आधी कोरडीच उचला. स्लायडिंग खिडकीच्या पन्हाळीत रंगाचा दोन इंची ब्रश छान चालतो, त्यामागून ओलं पुसणं.

पुसायला मायक्रोफायबरचं फडकं सुती फडक्यापेक्षा सरस, पण ते धुताना कपड्यांचा कंडिशनर टाकू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं धूळ धरायचं सोडून नुसतं सरकवतं. बाथरूममध्ये मात्र फडक्याआधी दांड्याचा वायपर. अंघोळ झाली की शेवटच्या माणसानं टाइल्सवर वरून खाली एकदा फिरवायचा. पाणीच सुकलं नाही तर क्षार बसणार कुठून? रबर कडक होऊन रेघा सोडू लागलं की नुसती पट्टी बदला, बऱ्याच वायपरची ती सरकवून निघते.