निरगाठ

नववीत ध्वज बांधायचं काम माझ्याकडे आलं ते हुशारीमुळे नव्हे, उंचीमुळे. १४ ऑगस्टला दुपारी पी.टी.चे सर कपाटातून खादीचा ध्वज काढत. त्याच्या एका कोपऱ्याला लाकडी गुल्ली. "गुल्ली वर, केशरी वर. एवढं चुकलात तर शाळेत येऊ नका," हे दरवर्षीचं.

माझी चूक तिथे झाली नाही, गाठीत झाली. घडीत पाकळ्या घालून सुरगाठ मारायची, म्हणजे एका हिसक्यात सुटते. मी भीतीपोटी आवळली आणि तिची निरगाठ झाली. पाहुण्यांनी दोनदा ओढलं, तीनदा ओढलं. वर पुरचुंडी तशीच. पेटीवाल्या बाई सूर धरून बसलेल्या. सरांनी मुकाट्याने ध्वज खाली घेतला, गाठ सोडवली आणि झरझर वर चढवला. पाकळ्या सगळ्या त्यांच्याच डोक्यावर.

शिक्षा एकच झाली : संध्याकाळी ध्वज उतरवायला थांबायचं. चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश, हा नियम तेव्हा कळला. मैदानात सर, शिपाईमामा आणि मी. बघायला कुणी नाही, तरी सर सावधानमध्ये उभे. जमिनीला टोक लागू नये म्हणून मामांनी खालून दोन्ही हात पुढे केलेले. मग घडी : केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली, दोन्ही बाजू आत, वर चक्र आणि दोन्ही रंगांची जराशी कड. तळहातांवर धरून कपाटापर्यंत. काखेत मारायला ती काही वही नव्हे.

२०२१च्या अखेरीस ध्वजसंहितेत पॉलिस्टर आलं. जुलै २०२२पासून घरावरचा ध्वज रात्रीही फडकत ठेवता येतो. सोय झाली खरी, पण उतरवायची सवयच गेली. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्या ऑगस्टमध्ये लावलेला ध्वज दिवाळीपर्यंत तसाच होता; रंग विटलेले, कडेच्या चिंध्या. फाटका ध्वज फडकवायचा नसतो. एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने निरोप द्यायचा असतो. सभेत हे सांगितलं तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. म्हणजे काम माझंच.

दोरीला कुणीतरी निरगाठ मारून ठेवली होती. दातांनी सोडवली. घडी हातांना आठवत होती, पण पॉलिस्टर निसटत होतं. आणि ते नुसतं जळत नाही, वितळतं, हे सरांनी शिकवलेलं नव्हतं.