पडणाऱ्यांची कला

लहानपणी वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून पाच मिनिटांवर असलेल्या आखाड्यात मी दोरीचा मल्लखांब शिकत असे. पहिले पंधरा दिवस दादांनी आम्हां मुलींना दोरीला हातही लावू दिला नाही. त्या पंधरा दिवसांत आम्ही फक्त पडायला शिकलो. हनुवटी छातीशी घ्यायची, घाबरून हात मागे टेकवायचा नाही, श्वास कोंडून धरायचा नाही आणि खांद्यावरून गोल फिरत अंगाचा भार पाठभर पसरू द्यायचा, एवढेच शिक्षण होते. पुढे कित्येक वर्षांनी मामेभावाने आणलेल्या सीडीवर ‘ओंग-बाक’ हा थाई चित्रपट पाहिला, तेव्हा घरातले सगळे नायकाच्या गुडघ्याकडे पाहत होते आणि माझे लक्ष तो गुडघा छातीवर घेऊन मागे कोसळणाऱ्या माणसाकडे गेले. त्याने पडताना मान सांभाळली होती. तेव्हापासून हे चित्रपट मी पडणाऱ्यांसाठी पाहत आले आहे.

‘ओंग-बाक’ २००३ साली आला. ‘मेट्रिक्स’ आणि ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ यांच्या यशानंतर पडद्यावरची माणसे तारांच्या आधाराने भिंतींवरून धावण्याचा आणि बांबूच्या शेंड्यांवर तरंगण्याचा तो काळ होता. अशा वेळी दिग्दर्शक प्रच्या पिन्काएव यांनी तारा नाहीत, संगणकाची करामत नाही आणि नायकाच्या जागी दुसरा कोणी नाही, असे सांगून टोनी जा या तोपर्यंत अपरिचित असलेल्या तरुणाला पुढे आणले. कथा दोन ओळींची आहे: गावातल्या बुद्धमूर्तीचे शिर चोरीला जाते आणि ते परत आणण्यासाठी एक मुलगा बँकॉकला जातो. खरा चित्रपट त्याच्या शरीरात आहे. बाजारातल्या गल्लीतून पळताना तो काटेरी तारेच्या वेटोळ्यातून आरपार उडी घेतो, माणसांच्या खांद्यांवरून धावत जातो आणि दोन्ही पाय पसरून गाडीखालून सरकत निघतो. अशी एखादी उडी झाली की तीच उडी दुसऱ्या कोनातून पुन्हा दाखवली जाते. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला तो आपल्या संगीत नाटकातल्या वन्समोअरसारखा वाटतो, कारण गायकाने घेतलेली जागा खरोखरच गळ्यातून आली होती याची खात्री श्रोत्याला पुन्हा एकदा करून घ्यायची असते, आणि तेवढ्यासाठी नाटक क्षणभर थांबले तरी कोणाची तक्रार नसते.

या सगळ्यामागे जो माणूस उभा होता त्याचे नाव पन्ना रित्तिक्राय. थायलंडच्या ईशान्येकडचा इसान हा शेतीचा आणि तुलनेने गरीब प्रदेश. त्यातल्या खोन केन प्रांतातले ते. अगदी थोड्या पैशांत, मित्रांना आणि शिष्यांना हाताशी धरून त्यांनी मारामारीचे चित्रपट केले, आणि ते राजधानीपेक्षा इकडच्या गावोगावच्या उघड्यावरच्या पडद्यांसमोर अधिक पाहिले गेले. इसानमधल्याच सुरिन प्रांतात १९७६ साली जन्मलेला टोनी जा हत्ती पाळणाऱ्या घरातला मुलगा. देवळाच्या जत्रांमध्ये चित्रपट पाहून तो वेडा झाला आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास पन्नांकडे शिकायला गेला. पुढे व्यायामशिक्षणाच्या महाविद्यालयात शिकत असतानाही त्याची ही साधना चालूच होती. या मुलाला काय काय येते हे दाखवणारी एक चित्रफीत गुरुशिष्यांनी तयार केली, ती पिन्काएव यांच्या पाहण्यात आली आणि तिच्यातून ‘ओंग-बाक’ उभा राहिला. वस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबलेला पठ्ठा एके दिवशी मोठ्या मैदानात उतरतो, हे आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

‘खरी मारामारी’ म्हणजे नेमके काय, याविषयी मात्र बराच गैरसमज आहे. पडद्यावरचा ठोसा खोटा करणे सोपे असते. मूठ चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून जाते, कॅमेरा असा ठेवतात की ते अंतर दिसू नये, आणि उरलेले काम आवाज करतो. थाई पद्धतीत मुठींबरोबर कोपर, गुडघे आणि नडग्याही चालतात, म्हणून तिला आठ अवयवांची विद्या म्हणतात. कोपर आणि गुडघा ही तर अगदी जवळून चालवायची शस्त्रे आहेत. दोन माणसे एकमेकांना भिडलेली असताना, त्यांना डोक्यापासून पायापर्यंत दाखवणाऱ्या आणि मध्येच न तुटणाऱ्या दृश्यात अंतर लपवायला जागाच उरत नाही. त्यामुळे फटका अंगाला लागावाच लागतो. तो किती जोराने लागावा हे मारणारा ठरवतो; तो कसा जिरवावा हे मात्र सर्वस्वी घेणाऱ्याच्या हाती असते. त्याने क्षणभर आधी अंग मागे नेले तर प्रेक्षकाला फसवणूक दिसते आणि क्षणभर उशीर केला तर बरगडी जाते. ज्याचे नाव आपल्याला कधी कळत नाही त्या माणसाचे हे कौशल्य नायकाच्या कौशल्याहून तसूभरही कमी नाही, असे माझे ठाम मत आहे.

टोनी जाच्याच २००५ च्या ‘टॉम यम गूंग’ या चित्रपटातला जिन्याचा प्रसंग म्हणूनच मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. नायक एका भव्य उपाहारगृहाच्या गोल जिन्यावरून मजल्यामागून मजला चढत जातो, वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला लोळवतो आणि जवळजवळ चार मिनिटे कॅमेरा एकदाही न थांबता त्याच्या मागे चालत राहतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मचे चारशे फुटांचे रीळ साधारण साडेचार मिनिटांत संपते, हे लक्षात घेतले म्हणजे या चार मिनिटांत किती माणसांच्या वेळा जुळाव्या लागल्या असतील याची कल्पना येते. कोणी दारातून फेकला जातो, कोणी कठड्यावरून खाली जातो, आणि त्यातल्या एकाची चूक झाली असती तर सगळ्यांना पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागली असती. शेवटच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत नायकाची पावले जड होतात, फटक्यांतला वेग कमी होतो, आणि तो थकवा मला त्याच्या कोणत्याही उडीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. दोरीवर सलग आसने करून खाली उतरल्यावर मांड्यांना सुटणारा कंप ज्याने अनुभवला आहे त्याला हा थकवा ताबडतोब ओळखू येईल.

इथे मनात एक अस्वस्थताही आहे आणि ती सांगितली पाहिजे. आमच्याच शहरात, खंडेराव महाराजांच्या काळात, मुठीत शिंगाची नखे धरून खेळायची वज्रमुष्टीची कुस्ती दरबारासमोर होत असे, आणि लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने तिचे रक्तबंबाळ वर्णन लिहून ठेवले आहे. ते सगळे खरे होते, पण तसले खरेपण मला नको आहे. पन्नांनी दिग्दर्शित केलेल्या २००४ च्या ‘बॉर्न टू फाइट’च्या सुरुवातीला धावत्या मालमोटारींवरून माणसे पडतात तेव्हा माझा श्वास अडकतो, आणि त्यात कौतुकापेक्षा भीतीच जास्त असते. पडायला शिकवणारा गुरू आपल्या शिष्याला किती उंचीवरून पाडतो याला काही मर्यादा असली पाहिजे, असे मला वाटते. पन्ना २० जुलै २०१४ रोजी आजारपणाने गेले. त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, तरीही हा प्रश्न मिटलेला नाही.

तरीसुद्धा याच परंपरेने एक गोष्ट प्रामाणिकपणे केली आहे. २००८ च्या ‘चॉकलेट’ मध्ये तायक्वांदो शिकलेल्या जीजा यानिन या तरुणीने पहिल्यांदाच मुख्य भूमिका केली, आणि तिच्यासारखी, हाडापेराने लहानशी मुलगी इमारतीच्या बाहेरच्या अरुंद कडांवर लढताना पाहून मला आखाड्यातल्या आमच्या तुकडीची आठवण झाली. चित्रपट संपल्यावर नामावलीबरोबर चित्रीकरणातले अपघात दाखवले आहेत: चुकलेल्या लाथा, सुजलेले चेहरे, जखमांवर चाललेले उपचार. ज्यांना या चित्रपटांची सुरुवात करायची आहे त्यांनी ‘ओंग-बाक’पासून करावी, पण ‘चॉकलेट’ पाहताना नामावली सुरू झाली म्हणून उठू नये. दोन तास ज्यांचे फक्त पडणे पाहिले, ती माणसे तिथे पहिल्यांदा उठून बसलेली दिसतात.